सीआरएमची लायसन्स आणि बाकीच्या सिस्टिमशी जोडणी: एका लॉगिनवर सगळ्यांचं भागेल का?

कळफलक

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचनमात्र होते, आज अडलंय म्हणून धागा काढतेय.

आमच्याकडे सेल्सची ४० माणसं सीआरएम (ग्राहकांची आणि विक्रीची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) वापरतात, त्या सगळ्यांची रीतसर लायसन्स आहेत. त्याशिवाय गोदाम, अकाउंट्स आणि सर्व्हिस मिळून दीडशे एक जण असे आहेत की जे सीआरएम कधीच उघडत नाहीत पण त्यांना ग्राहकाची माहिती लागते, ऑर्डर कुठवर आली ते बघायचं असतं. ईआरपी (ऑर्डर, माल, हिशोब सांभाळणारी सिस्टिम) जुना आहे, सर्व्हिसची तिकिटं तिसऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये, वेबसाइटचा फॉर्म अजून वेगळा. सध्या रोज संध्याकाळी एक जण बसून सीएसव्ही (साध्या तक्त्याची फाइल) काढतो आणि इकडची तिकडे चढवतो. तो रजेवर गेला की दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे आकडे चुकतात.

आता ठरतंय असं की आतल्या आत एक पोर्टल बांधायचं, ते सीआरएमशी एकाच एपीआय युजरने (एपीआय म्हणजे एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याशी बोलायची सोय, तिच्यासाठीचं एक खातं) बोलेल आणि दीडशे जण पोर्टल वापरतील. वरून सांगितलंय की म्हणजे लायसन्स ४१ झाली की काम झालं. माझ्या पोटात गोळा आलाय, कारण सही माझी लागणार आहे. हे इतकं सोपं असतं का हो? आणि जोडणी करताना नेमकं काय बघायचं, ज्यांनी हे केलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

जुनाहिशोब

सही करू नका. आधी कराराची प्रत काढा आणि त्यात 'मल्टिप्लेक्सिंग' किंवा 'इनडायरेक्ट अॅक्सेस' (म्हणजे मध्ये दुसरी सिस्टिम घालून केलेला अप्रत्यक्ष वापर) असा शब्द कुठे आहे का ते शोधा.

मायक्रोसॉफ्टने तर त्यांच्या डायनॅमिक्स या सीआरएमच्या लायसन्सिंग गाइडमध्ये हे सरळ लिहून ठेवलंय. मध्ये पोर्टल घाला, मिडलवेअर (दोन सिस्टिमना जोडणारं मधलं सॉफ्टवेअर) घाला, काहीही घाला, त्याने लागणाऱ्या लायसन्सची संख्या कमी होत नाही. मोजायचं ते पलीकडच्या टोकाला बसलेलं माणूस. तुमचा एक एपीआय युजर म्हणजे नुसतं दार आहे, दारातून किती जण ये-जा करतात ते मोजलं जातं.

आणि हे नुसतं कागदावर असतं, कोण बघतंय, असं कुणी म्हणालं तर त्यांना डियाजिओचा खटला सांगा. डियाजिओ ही मद्याची मोठी कंपनी, २००४ पासून त्यांच्याकडे एसएपी कंपनीचा ईआरपी होता. २०११-१२ च्या सुमारास त्यांनी सेल्सफोर्स या दुसऱ्या कंपनीच्या सीआरएमवर दोन सिस्टिम उभ्या केल्या, 'जेन२' फिरत्या सेल्सच्या माणसांसाठी आणि 'कनेक्ट' ग्राहकांनी स्वतःच ऑर्डर टाकावी म्हणून, आधी हेच ग्राहक कॉल सेंटरला फोन करून ऑर्डर देत होते. दोन्ही सिस्टिम एसएपीच्याच पीआय नावाच्या मिडलवेअरमधून ईआरपीशी बोलायच्या. डियाजिओचं म्हणणं होतं की पीआयचं लायसन्स आम्ही घेतलंय, ते येण्या-जाण्यासाठीच आहे, मग अजून कसले पैसे? एसएपीने ५.४ कोटी पौंडांहून जास्त रकमेचा दावा लावला. लंडनच्या हायकोर्टाने फेब्रुवारी २०१७ मध्ये निकाल दिला की हे सगळे लोक अप्रत्यक्षपणे का होईना एसएपी वापरतायत, त्यांना नेम्ड युजर (प्रत्येक माणसाच्या नावावरचं) लायसन्स लागतं. रक्कम किती हे त्या निकालात ठरलं नव्हतं, पण जबाबदारी ठरली.

गंमत म्हणून नाही सांगत, नीट बघा, इथे सीआरएमवाल्याने पैसे मागितलेच नव्हते. मागितले ते ईआरपीवाल्याने. म्हणजे तुम्हाला दोन्ही बाजूंचे करार वाचायचेत, सीआरएमचा एकटा वाचून भागणार नाही. आणि तुमचा ईआरपी जुना आहे म्हणताय म्हणजे करारही जुना असणार, ज्या काळात एपीआय वगैरे कुणाच्या डोक्यातच नव्हतं तेव्हाचा. असे करार जास्त धोक्याचे, कारण त्यात या विषयावर काही लिहिलेलंच नसतं आणि मग 'वापर' या एका शब्दाचा अर्थ कोर्टात लागतो.

तिसरीघंटा

+१. वाखु (वाचनखूण) साठवली. आमच्याकडे नेमकं हेच चाललंय.

कळफलक

बापरे. म्हणजे गोदामातल्या माणसाने दिवसातून एकदा 'ऑर्डर निघाली का' बघितलं तरी त्याला पूर्ण लायसन्स? हे वर सांगितलं तर प्रोजेक्टच बंद होईल.

जुनाहिशोब

नाही नाही, इतकं टोकाला जाऊ नका. प्रत्येक माणूस डेटाचं काय करतो यावर अवलंबून आहे, त्यामुळे आधी कागद घेऊन बसा आणि त्या दीडशे जणांचे गट पाडा. नुसतं बघणारे किती, बदल करणारे किती, आणि ज्यांना महिन्याला एक रिपोर्ट मेलवर मिळाला तरी चालतो असे किती. माझा अनुभव असा की तिसरा गट सगळ्यात मोठा निघतो आणि त्यांना पोर्टल नकोच असतं, कुणीतरी हाताने रिपोर्ट पाठवला की ते खूश. दुसऱ्याने हाताने फॉरवर्ड केलेला रिपोर्ट वाचायला सहसा लायसन्स लागत नाही, पण सहसा म्हणतोय, तुमच्या करारात बघा.

बघणाऱ्यांसाठी हलकी लायसन्स असतात, डायनॅमिक्समध्ये टीम मेंबर आहे, बहुतेक सगळ्या मोठ्या कंपन्यांकडे असा एखादा खालचा प्रकार मिळतो. तिथे जपायचं ते एवढंच की त्या माणसाला नेमकं काय करता येतं ते वाचा, कारण हलकं लायसन्स घेऊन त्याला जड काम करू दिलं तर ऑडिटमध्ये तेच पहिलं सापडतं.

एसएपीने त्या खटल्यानंतर, एप्रिल २०१८ मध्ये, 'डिजिटल अॅक्सेस' म्हणून दुसरा मार्ग काढला. त्यात माणसं मोजत नाहीत, बाहेरच्या सिस्टिमने आत किती कागद तयार केले ते मोजतात, कागद म्हणजे सेल्स ऑर्डर, इन्व्हॉइस असे ९ प्रकार. मोजणी कागद तयार होताना, नंतर तो कितीदा वाचला त्याची नाही. ज्यांच्याकडे माणसं खूप आणि ऑर्डरी कमी त्यांना हे परवडतं, उलट असेल तर नाही. तुमचा ईआरपी कुठला ते माहीत नाही पण हिशोब असाच दोन्ही बाजूंनी करून बघायचा.

आणि शेवटचं, विक्रेत्याला फोनवर विचारू नका. पोर्टलची आकृती काढा, बाण दाखवा, प्रत्येक बाणावर किती माणसं ते लिहा आणि मेलवर विचारा की याला कुठली लायसन्स किती लागतील. उत्तर लेखी घ्या. सेल्सचा माणूस तोंडी 'चालतंय हो' म्हणेल, पण तीन वर्षांनी ऑडिटला येईल तो वेगळाच माणूस असेल.

मोकळंआकाश

एवढी डोकेदुखी घेण्यापेक्षा ओपन सोर्स (ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो असं) सीआरएम का नाही घेत? सुइटसीआरएम आहे, माणसामागे पैसे नाहीत, एपीआयला अडवणूक नाही, लायसन्सचा प्रश्नच मिटला.

निळीशाई

प्रश्न मिटत नाही, वेगळा होतो. सुइटसीआरएम मी पाच वर्षं चालवलंय आणि मला ते मनापासून आवडतं, त्यामुळे हे विरोधात लिहीत नाहीये. पण त्याचं लायसन्स एजीपीएल आवृत्ती ३ आहे. त्यातलं १३ वं कलम असं आहे की तुम्ही कोडमध्ये बदल केलात आणि ते नेटवर्कवरून लोकांना वापरायला दिलंत, तर त्या वापरणाऱ्यांना बदललेला सोर्स कोड मिळायची सोय करून द्यावी लागते. आतल्या माणसांपुरतं असेल तर फार अडत नाही. उद्या तेच पोर्टल बाहेरच्या डीलरांना उघडलं तर विचार करावा लागेल. म्हणून आम्ही एक नियम पाळला, सीआरएमच्या मूळ कोडला हात लावायचा नाही, जोडणीचा सगळा कोड वेगळ्या प्रोग्राममध्ये आणि बोलणं फक्त एपीआयमधून. वकिलालाही हेच बरं वाटलं.

अजून एक गोष्ट, ओपन सोर्स आज आहे म्हणजे कायम राहील असं नाही. शुगरसीआरएम २००४ साली ओपन सोर्स म्हणूनच सुरू झालं आणि २०१४ मध्ये त्यांनी सांगितलं की कम्युनिटी एडिशनची नवी आवृत्ती आता येणार नाही. सुइटसीआरएम २०१३ मध्ये त्याच्यातूनच फुटून निघालं होतं म्हणून लोकांची सोय झाली. आणि सर्व्हर, बॅकअप, सिक्युरिटी पॅच हे सगळं तुमच्या गळ्यात येतं, ते करायला माणूस आहे का ते आधी बघा.

मोकळंआकाश

हे १३ वं कलम माहीत नव्हतं, धन्यवाद. मान्य.

पायवाट

मी जोडणीचंच काम करते, रोजचंच आहे, त्यामुळे लायसन्सच्या बाजूला फार न जाता दुसऱ्या बाजूचं लिहिते. थोडं लांबेल.

आधी तो एपीआय युजर. तो कुणा माणसाचा नसावा. हे इतकं साधं आहे तरी मी जिथे जिथे गेले तिथे निम्म्या ठिकाणी जोडणी कुठल्यातरी कर्मचाऱ्याच्या लॉगिनवर चाललेली बघितली. एका ठिकाणी वेबसाइटच्या फॉर्मवरून सीआरएममध्ये लीड (संभाव्य ग्राहकाची चौकशी) जायचं, ज्याने बांधलं त्याच्याच टोकनवर (प्रोग्रामला आत सोडणारी किल्ली). तो नोकरी सोडून गेला, शुक्रवारी संध्याकाळी नियमाप्रमाणे त्याचं खातं बंद झालं आणि त्या क्षणापासून एकही लीड आत गेलं नाही. फॉर्म मात्र भरणाऱ्याला 'धन्यवाद, आम्ही लवकरच संपर्क करू' म्हणत राहिला कारण पुढची एरर कुणी बघतच नव्हतं. मंगळवारी दुपारी एका बाईंचा चिडून फोन आला की मी तीनदा फॉर्म भरला, तुमच्याकडून कुणी बोलतच नाही, तेव्हा कळलं. चार दिवसांची लीड्स वेब सर्व्हरच्या लॉगमधून हाताने वेचून काढली आम्ही, आणि तरी काही गेलीच.

त्यामुळे जोडणीला स्वतंत्र खातं, परवानग्या लागतील तेवढ्याच, आणि टोकन कधी संपतं ते कॅलेंडरमध्ये. बऱ्याच ठिकाणी अशा खात्याला वेगळे पैसे पडतही नाहीत. सेल्सफोर्स २०२३ पासून एंटरप्राइज आणि वरच्या एडिशनला (एडिशन म्हणजे सॉफ्टवेअरचे स्वस्त-महाग प्रकार) ५ इंटिग्रेशन युजर लायसन्स फुकट देतं, त्याने फक्त एपीआयमधून येता येतं, स्क्रीनवर लॉगिन होत नाही. डायनॅमिक्समध्ये अॅप्लिकेशन युजर असतो, त्यालाही लायसन्स लागत नाही. पण वर जुनाहिशोब म्हणाले ते इथे विसरू नका, हे खातं फुकट आहे म्हणून त्याच्या मागे बसलेली माणसं फुकट होत नाहीत.

दुसरं, एडिशन. एपीआय सगळ्या एडिशनमध्ये मिळतोच असं नाही. सेल्सफोर्समध्ये एंटरप्राइजला तो सोबत येतो, प्रोफेशनलला वेगळा विकत घ्यावा लागतो. स्वस्त एडिशन घेऊन झाल्यावर हे कळणं फार वाईट.

तिसरं, मर्यादा. तुमचे ४० युजर सेल्सफोर्स एंटरप्राइजवर आहेत असं धरलं तर २४ तासांत मूळ १,००,००० एपीआय कॉल (म्हणजे विनंत्या) आणि दर लायसन्समागे १,०००, म्हणजे एकूण १,४०,०००. वाटतात भरपूर. पण समजा ईआरपीतून रोज रात्री ३ लाख ग्राहकांची थकबाकी सीआरएममध्ये लिहायची आहे आणि कोड लिहिणाऱ्याने लूप लावून एकेक रेकॉर्ड पाठवलं, तर निम्म्यातच संपलं. तेच एका कॉलमध्ये २०० रेकॉर्ड पाठवले तर १,५०० कॉलमध्ये काम होतं, आणि बल्क एपीआय (एकगठ्ठा पाठवायची सोय) वापरला तर त्याहून कमी. डायनॅमिक्समध्ये मोजणी वेगळी, ५ मिनिटांच्या सरकत्या खिडकीत एका युजरला दर वेब सर्व्हरमागे ६,००० रिक्वेस्ट. ओलांडलं की ४२९ एरर येते आणि सोबत रिट्राय-आफ्टर हेडरमध्ये किती सेकंद थांबायचं ते येतं. तेवढं थांबायचं असतं. लोक न थांबता परत परत मारतात आणि मग सगळंच अडकतं.

पुढचं जेवून आल्यावर लिहिते, सगळ्यात महत्त्वाचं राहिलंय.

तिसरीघंटा

लिहा लिहा, वाचतोय.

पायवाट

हं. तर महत्त्वाचं म्हणजे कोणत्या गोष्टीचा मालक कोण.

जोडणी म्हटलं की सगळे पहिल्यांदा म्हणतात 'दोन्हीकडे सिंक हवं'. मी तिथेच थांबवते. ग्राहकाचा पत्ता सेल्सवाल्याने सीआरएममध्ये बदलला आणि अकाउंट्सवाल्याने त्याच दिवशी ईआरपीमध्ये बदलला तर खरा कोणता? याचं उत्तर सॉफ्टवेअरकडे नसतं, माणसांकडेच असतं आणि ते कोड लिहायच्या आधी घ्यायला लागतं. मी एक साधा तक्ता करते, प्रत्येक फील्ड एका ओळीत आणि समोर मालक सिस्टिम एकच. बिलिंगचा पत्ता ईआरपीचा, संपर्काचा फोन सीआरएमचा, क्रेडिट लिमिट ईआरपीचं आणि सीआरएममध्ये ते फक्त दिसेल, बदलता येणार नाही. या तक्त्यावर दोन्ही खात्यांच्या प्रमुखांची सही. भांडणं होतात, दोन दोन मीटिंग जातात, पण ती भांडणं आत्ता झालेली बरी.

दोन्हीकडून लिहायचंच असेल तर फिरणारा फेरा सांभाळा. इकडे बदल झाला, वेबहुक (बदल झाला की दुसऱ्या सिस्टिमला आपोआप जाणारा निरोप) गेला, तिकडे लिहिलं, तिकडचा वेबहुक परत इकडे, आणि रात्रभर एकच रेकॉर्ड इकडून तिकडे फिरत तुमची कॉलची मर्यादा खाऊन टाकतं. उपाय सोपा आहे, जोडणीच्या खात्याने केलेला बदल जोडणीनेच उचलायचा नाही, आणि लिहिण्याआधी जुनं-नवं तुलना करायचं, फरक नसेल तर लिहायचंच नाही.

आता एक प्रसंग, जो मी कधीच विसरणार नाही. सीआरएममध्ये डील जिंकलं की ईआरपीमध्ये ऑर्डर तयार व्हायची. मिडलवेअरमध्ये टाइमआउट (उत्तराची वाट बघायची मुदत) ३० सेकंद ठेवलेला. महिनाअखेरीला ईआरपीवर लोड आला आणि एका ऑर्डरला ३८ सेकंद लागले. मिडलवेअरला वाटलं फेल गेलं, त्याने परत पाठवलं, परत तेच, परत पाठवलं. ऑर्डर मात्र तिन्ही वेळा तयार झाली होती, उत्तर तेवढं वेळेत पोचलं नव्हतं. गोदामात एक वयस्कर काका होते, त्यांनी प्रिंटरच्या ट्रेमधून तीन कागद उचलले, तिन्हीवर तोच ग्राहक, तोच माल, तेवढेच नग, नंबर वेगळे. ते कागद हातात घेऊन आमच्या मजल्यावर आले आणि विचारलं, पोरी हे खरं आहे का गं? ते आले नसते तर तीन ट्रक निघाले असते.

तेव्हापासून माझ्याकडून 'क्रिएट' असा कॉल सुटतच नाही. डीलचा आयडी ऑर्डरवर बाहेरचा संदर्भ म्हणून लिहायचा, त्या फील्डला ईआरपीमध्ये युनिक करून टाकायचं, म्हणजे तेच दुसऱ्यांदा आलं तर नवी ऑर्डर न बनता जुनीच परत मिळते. सीआरएमच्या बाजूलाही तसंच, एक्स्टर्नल आयडीवर अपसर्ट (रेकॉर्ड असेल तर बदल, नसेल तर नवं). उत्तर आलं नाही म्हणजे काम झालं नाही असं कधीही समजू नका.

निळीशाई

काकांना नमस्कार सांगा.

पायवाटताईंच्या लिहिण्यात एकच भर. आयडी जपा. सेल्सफोर्समध्ये रेकॉर्डचा आयडी १५ अक्षरी असतो आणि त्यात लहान-मोठं अक्षर वेगळं धरतात, स्क्रीनवरच्या रिपोर्टमध्ये तोच येतो. एपीआयमधून येतो तो १८ अक्षरी, शेवटची ३ अक्षरं याचसाठी की लहान-मोठ्याचा फरक न करणाऱ्या सिस्टिमलाही तो वेगळा ओळखता यावा. एक्सेलचं व्हीलुकअप (एका तक्त्यातली नोंद दुसऱ्यात शोधणारं सूत्र) लहान-मोठं बघत नाही. म्हणजे कळफलकताई, तुमच्याकडे संध्याकाळी सीएसव्ही जुळवणारा माणूस १५ अक्षरी आयडीवर व्हीलुकअप लावत असेल तर एका ग्राहकाची थकबाकी दुसऱ्याच्या नावावर जाऊ शकते आणि एरर कुठेच येणार नाही. तुमचं सीआरएम कुठलंही असो, हे एकदा तपासा, आणि फोन नंबरचे पुढचे शून्य आणि अधिकचं चिन्हही बघा, स्प्रेडशीट ते गुपचूप खाते. जोडणी चालू करायच्या आधी हा जुना डेटा साफ करावाच लागेल, नाहीतर आत्ता रोज एकदा होणारी चूक मग दर मिनिटाला होईल.

जुनाहिशोब

टेस्टचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. सँडबॉक्स (टेस्टसाठी मिळणारी सिस्टिमची वेगळी प्रत) कुठला मिळतो, किती मिळतात हेही एडिशनवर असतं, करारातच लिहून घ्या. आणि सँडबॉक्समध्ये खऱ्या ग्राहकांचे मेल आयडी असू शकतात हे विसरू नका. सेल्सफोर्स सँडबॉक्स बनवताना युजरच्या मेलला शेवटी 'इनव्हॅलिड' जोडतं, पण ग्राहकांच्या काँटॅक्ट रेकॉर्डमधले मेल तसेच राहतात. टेस्ट करताना ग्राहकाला खरी मेल गेली तर निस्तरणं अवघड.

करारात अजून दोन गोष्टी, मुदत संपायच्या किती दिवस आधी कळवलं नाही तर आपोआप रिन्यू होतं, आणि सोडायचं ठरलं तर डेटा कुठल्या फॉरमॅटमध्ये आणि किती दिवस मिळतो.

कळफलक

तीन आठवड्यांनी परत आले. सगळ्यांचे मनापासून आभार, प्रत्येक पोस्टचा प्रिंट काढून मीटिंगला नेला होता.

गट पाडले. दीडशेपैकी ९० जणांना खरंच फक्त आठवड्याचा रिपोर्ट हवा होता, त्यांच्या खात्याचा एक जण काढून पाठवणार. ४२ जणांना नुसतं बघायचंय, त्यांना हलकं लायसन्स. राहिले १८, ते सर्व्हिसचे, ते बदल करतात, त्यांना पूर्ण लायसन्स घ्यायचं ठरलं. आकृती काढून दोन्ही विक्रेत्यांना मेल केला. सीआरएमवाल्यांचं लेखी उत्तर आठवड्यात आलं, त्यांनी स्पष्ट लिहिलंय की ४१ पुरणार नव्हती. ईआरपीवाल्यांचं उत्तर अजून यायचंय, ते येईपर्यंत ऑर्डर तयार करायचा भाग थांबवलाय, वरिष्ठही हो म्हणाले, खटल्याचं वाचून तेच म्हणाले की थांबू.

मालकीचा तक्ता ६२ फील्डचा झाला, पत्त्यावरून अजून वाद चालू आहे. आणि निळीशाई, व्हीलुकअपचं तपासलं. ११ ग्राहक चुकीच्या नावावर सापडले. दुरुस्त केले.

पायवाटताई, एकच विचारायचंय. वेबहुक हरवला तर कळणार कसं?

पायवाट

छान केलंत.

वेबहुकवर एकट्यावर विसंबू नका. तो फक्त 'काहीतरी बदललं' एवढी हाक समजा, हाक आली की रेकॉर्ड नव्याने वाचा, कारण हाका मागे-पुढे होऊनही येतात. आणि रोज रात्री एकदा, गेल्या दोन दिवसांत बदललेली सगळी रेकॉर्ड्स दोन्हीकडून काढून मोजा आणि जुळवा. आकडे जुळले तरी एक ओळीचा मेल यायला हवा, न जुळले तर कुठली रेकॉर्ड्स त्याची यादी. मेल आलाच नाही तर ती जुळणी चाललीच नाही असं समजायचं. तो मेल एका माणसाच्या नावावर नको, तिघांना जाऊ दे.